इलेक्ट्रॉन सोलणारे यंत्र : कुलाब्याचे पेलेट्रॉन

युरेनियमच्या अणूत ९२ इलेक्ट्रॉन असतात. सर्वांत बाहेरचा काढायला सुमारे ६.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. अगदी शेवटचा काढायला जवळपास १ लाख ३२ हजार लागते. केंद्रकाचा विद्युतभार वाढतो तशी आतल्या इलेक्ट्रॉनवरची पकड साधारण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घट्ट होते. शिवाय जड मूलद्रव्यातले हे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, म्हणून सापेक्षतेचा परिणाम तीत आणखी भर घालतो.

बाहेरचा इलेक्ट्रॉन सुटणे यात नवल नाही. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रात धुरातली राख पकडताना उच्च दाबाच्या तारांभोवती वायूचे असेच आयनीभवन होते. जड अणूच्या आत हात घालायचा तर निराळे यंत्र लागते. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, असे यंत्र, म्हणजे पेलेट्रॉन, १९८८च्या अखेरीपासून आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांची ही सामाईक सुविधा. नायलॉनने जोडलेल्या धातूच्या नळकांड्यांची साखळी विद्युतभार वाहून नेते आणि मधल्या टोकाशी १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत दाब साठतो. ठिणगी उडू नये म्हणून टाकीत सल्फर हेक्साफ्लोराइड वायू भरलेला असतो.

यातली खरी चलाखी अशी, की इलेक्ट्रॉन काढण्याआधी एक जादा दिला जातो. सीझियमच्या माऱ्याने नमुन्यातून ऋण आयन निघतात आणि धन टोकाकडे ओढले जातात. तिथे कार्बनचा अतिपातळ पापुद्रा असतो. त्यातून आरपार जाताना आयनाच्या वेगापेक्षा मंद फिरणारे इलेक्ट्रॉन गळून पडतात. ऋणाचा धन झालेला आयन आता त्याच टोकाकडून दूर ढकलला जातो. एकच दाब दोनदा कामी येतो. सात इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनला अशी ११२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळू शकते.

सोने मात्र चिवट. एवढ्या दाबावर त्याच्या ७९ पैकी साधारण बारा-तेराच सुटतात. अमेरिकेत ब्रूकहेवनला सोन्याचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन उतरवायला आयन जवळपास प्रकाशाच्या वेगाला न्यावे लागतात.

कुलाब्यात २००७मध्ये पेलेट्रॉनच्या पुढे अतिवाहक रेषीय त्वरक जोडला गेला. शिशाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या त्याच्या पोकळ्या द्रव हेलियमने थंड ठेवतात. आयनाचे जितके जास्त इलेक्ट्रॉन गेलेले, तितकी त्याला इथे ऊर्जा अधिक मिळते. त्यामुळे एवढ्या मोठ्या यंत्राची भिस्त अखेर त्या पापुद्र्यावर असते, आणि जड आयनांच्या माऱ्याने तो झिजतो, म्हणून वरचेवर बदलावा लागतो.