अतिसुस्पष्ट दूरचित्रवाणी : चित्रबिंदू वाढले, अनुभव किती वाढणार?

नवी दिल्ली - भारतीय दूरचित्रवाणीचे तीन महत्त्वाचे टप्पे राजधानी दिल्लीशी निगडित आहेत. १५ सप्टेंबर १९५९ रोजी येथून प्रायोगिक प्रसारणास प्रारंभ झाला. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी पडद्यावर रंग आले, तर ऑक्टोबर २०१० मधील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे दूरदर्शनने हाय डेफिनिशन, म्हणजेच एचडी प्रसारण केले. यापुढची पायरी अल्ट्रा हाय डेफिनिशन, अर्थात अतिसुस्पष्ट दूरचित्रवाणीची आहे.

दूरचित्रवाणीचे चित्र असंख्य सूक्ष्म बिंदूंनी बनते. एचडी चित्रात सुमारे २१ लाख चित्रबिंदू असतात, ४के चित्रात ८३ लाख आणि ८के चित्रात ३ कोटी ३२ लाख. ८के तंत्रज्ञानावरील संशोधन जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९९५ मध्ये हाती घेतले. २००५ च्या आईची येथील जागतिक प्रदर्शनात ते लोकांसमोर आले आणि १ डिसेंबर २०१८ रोजी उपग्रहावरून त्याचे नियमित प्रसारण सुरू झाले.

प्रेक्षक चित्रात कसा शिरतो?

एचडी चित्र पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून पाहावे, असा संकेत आहे. त्या अंतरावरून पडदा दृष्टीचा सुमारे ३० अंशांचा भाग व्यापतो. ४के चित्र दीडपट अंतरावरून पाहता येते आणि तेव्हा हा कोन साठ अंशांच्या घरात जातो. ८के चित्रासाठी उंचीच्या पाऊणपट अंतर पुरते व कोन १०० अंशांवर पोहोचतो. इतक्या जवळूनही बिंदू वेगळे दिसत नाहीत. पडद्याच्या कडा नजरेच्या टोकाला जातात आणि आपण घटनास्थळीच आहोत, असा भास होतो.

मात्र हा लाभ अंतरावर अवलंबून आहे. ४३ इंची संचाच्या पडद्याची उंची जेमतेम पावणेदोन फूट असते. दिल्ली परिसरातील किंवा मुंबईतील सदनिकेत आठ फुटांवर बसून असा संच पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ४के चित्रातील वाढीव बारकावे टिपता येत नाहीत. ते दिसण्यासाठी त्याला अडीच-तीन फुटांवर यावे लागेल किंवा बराच मोठा पडदा घ्यावा लागेल.

केवळ बिंदू पुरेसे नाहीत

म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१२ मध्ये निश्चित केलेल्या मानकात बिंदूंसोबत रंगांची व्याप्ती वाढवण्यात आली आणि सेकंदाला १२० चित्रांपर्यंत मुभा देण्यात आली. हॉकीचा वेगवान चेंडू पडद्यावर पुसट न होण्यास हा वेग साहाय्यभूत ठरतो. २०१६ मध्ये प्रखर उजेड व गडद सावली एकाच चित्रात दाखवणाऱ्या पद्धतीही मानकात समाविष्ट झाल्या. त्यांपैकी एक पद्धत बीबीसी व एनएचके यांनी विकसित केली असून तिचे प्रसारण जुन्या संचांवरही पाहता येते. उजेड-सावलीतील हा फरक दूर बसलेल्या प्रेक्षकालाही जाणवतो. ध्वनीच्या बाबतीत एनएचकेने २४ ध्वनिमार्गांची रचना केली आहे.

प्रसाराचा प्रश्न

प्रत्येक रंगासाठी १२ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरल्यास ८के चित्राची मूळ माहिती सेकंदाला सुमारे ७२ गिगाबिट भरते. जपानमध्ये ती कमालीची आकुंचित करून प्रसारित केली जाते, तरीही तिला साध्या वाहिनीच्या कित्येक पट जागा लागते. उपग्रहावरील जागा मर्यादित असल्याने एक अतिसुस्पष्ट वाहिनी म्हणजे अनेक साध्या वाहिन्यांचा त्याग, असे हे गणित आहे.

भारतासाठी ही निवड अधिक बिकट आहे. आकाशवाणी व दूरदर्शनच्या विकासासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सुमारे २,५३९ कोटी रुपयांच्या योजनेत दुर्गम, आदिवासी व सीमावर्ती भागांत आठ लाखांहून अधिक डीडी फ्री डिश सेट-टॉप बॉक्स वाटण्याची तरतूद करण्यात आली. ज्या घरात अद्याप साधे चित्रही पोहोचलेले नाही, तेथे चित्रबिंदूंच्या संख्येला अर्थ नाही. त्यामुळे बिंदू वाढवण्याआधी उजेड, रंग व ध्वनी सुधारणे हा सार्वजनिक प्रसारणासाठी कमी खर्चाचा आणि अधिक घरांना जाणवणारा मार्ग ठरू शकतो.