'गो'चं 'गोड' का होत नाही?

इंग्रजी बोलणाऱ्या घरातलं तीन-चार वर्षांचं मूल कधीतरी बिनधास्त म्हणून जातं, 'आय गोड'. असं त्याच्यासमोर कुणीच बोललेलं नसतं. पण 'प्ले'चं 'प्लेड' आणि 'जंप'चं 'जंप्ट' होतं हे त्याच्या कानानं हेरलेलं असतं. मग 'गो'नंच काय घोडं मारलंय? आपल्याकडची पोरं 'मी करलं' म्हणतात, तसंच हे.

खरी गंमत 'वेंट'ची आहे. ते मुळात 'गो'चं रूपच नव्हे! वाट धरणं, वळणं अशा अर्थाचं 'वेंड' हे वेगळं क्रियापद होतं. 'सेंड'चं 'सेंट', तसं त्याचं 'वेंट'. 'गो'चा जुना भूतकाळ मागे पडला आणि 'वेंट' त्या जागेवर येऊन बसलं. हसण्याआधी आपलं 'जातो-गेला' बघा. 'जा' आलं संस्कृतातल्या 'या' धातूवरून, 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'मधून. दोन भाषा, आणि खोड तीच.

बाकी हजारो क्रियापदांना शेवटी 'ई-डी' लावलं की भूतकाळ तयार. लिहायला एकच, उच्चार मात्र तीन, आणि आपण शाळेत 'वॉकेड' म्हणत फसतो ते इथेच. गळ्यावर बोटं ठेवून 'क' नुसता सोडा, स्वर न लावता: गळा थरथरत नाही. म्हणून शेपटीही बिनथरथरीची, 'वॉक्ट'. 'प्ले'च्या शेवटी गळा गुणगुणतो, म्हणून 'प्लेड'. आणि शब्दाच्या शेवटी आधीच 'ट' किंवा 'ड' असेल तर जिभेला मध्ये श्वास घ्यायला एक 'इ' लागतो: 'वाँटिड'. इंग्रजी बोलणाऱ्या घरातली मुलं हे पाठ करत नाहीत. 1958 साली जीन बर्को यांनी लहान मुलांपुढे 'रिक' हे चक्क बनावट क्रियापद टाकलं आणि हेच एखाद्या माणसानं काल केलं तर काय म्हणाल, असं विचारलं. बहुतेक मुलं उत्तरली, 'रिक्ट'. जन्मात न ऐकलेल्या शब्दाला अचूक शेपटी!

मग सगळ्यांना एकच नियम का नाही? कारण 'बी', 'हॅव', 'डू', 'से', 'गो' यांची वेगळी रूपं तोंडात इतकी घोळतात की त्यांना विसरायला सवडच मिळत नाही. 'हेल्प'चं जुनं 'होल्प' मात्र वापरातून गेलं आणि 'हेल्प्ट' झालं.

ही 'ई-डी'ची शेपटी म्हणजे 'डू'च्याच भूतकाळाचा झिजलेला तुकडा असावा, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तोच 'डिड' प्रश्न विचारताना अख्खा पुढे येऊन उभा राहतो आणि भूतकाळाचं सगळं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतो. म्हणून 'डिड यू वेंट' नाही, 'डिड यू गो'. दुसऱ्याच्या जागेवर ठाण मांडून बसलेल्या 'वेंट'ला तेवढ्यापुरतं उठावं लागतं, आणि 'गो' आपल्या घरी परततो.