दाहक विष पोटांत गेलें तर

संडास धुण्याचें ॲसिड, मोरी साफ करण्याचा कॉस्टिक सोडा, बॅटरींतील गंधकाम्ल हे आपल्या नित्य परिचयाचे पदार्थ होत. त्यांपैकीं एखादा कोणी चुकीनें किंवा निराशेच्या भरांत प्यालें, तर भोंवतालचीं माणसें प्रथम जें करावयास धांवतात, तेंच पुष्कळदां घातक ठरतें.

हीं विषें जेथें लागतात तेथें तत्काळ जाळतात. आम्लानें मांसाचा थर गोठून खपली धरते. क्षार मांस विरघळवीत खोल उतरतो. अशा वेळीं ओकारी काढविली, तर तेंच विष त्याच वाटेनें वर येऊन अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतें. श्वासनलिकेंत शिरण्याचें भय निराळेंच. म्हणून मिठाचें पाणी पाजूं नये, घशांत बोटें घालूं नयेत. आम्लावर सोडा, क्षारावर लिंबू, हा हिशेब परीक्षानळींत ठीक. पोटांत त्या संयोगानें उष्णता निघते व सोड्यानें वायूहि सुटतो.

मग करावें काय? रोगी शुद्धीवर असल्यास त्यानें पाण्यानें चुळा भरून थुंकाव्या. भिजलेले कपडे काढून त्वचा व डोळे भरपूर पाण्यानें धुवावे. खावयास-प्यावयास कांहीं न देतां त्यास त्वरित रुग्णालयांत न्यावें व ती बाटलीहि बरोबर न्यावी.

तोंडांत व्रण नाहींत म्हणून निश्चिंत राहूं नये. ओठ निर्मळ असून जठर जळालेलें असूं शकतें. आवाज बसणें, श्वासास घरघर, लाळ गळणें, छातींत वा पोटांत असह्य वेदना हीं धोक्याचीं चिन्हें होत. डॉक्टर आधीं श्वासमार्ग सांभाळतात व शिरेंतून द्रव देतात. नंतर, बहुधा पहिल्या २४ तासांत, एंडोस्कोपीच्या दुर्बिणीनें किंवा सी. टी. स्कॅननें जखमेची खोली पाहतात. चंदीगडच्या डॉ. झरगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेली जखमांची प्रतवारी आजहि जगभर वापरली जाते. उथळ जखम आपोआप भरते. भोंक पडल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

खोल जखम भरतांना कांहीं आठवड्यांनीं अन्ननलिका आकसूं लागते व घांस अडकतो. मग ती वारंवार फुग्यानें रुंद करावी लागते. पुष्कळ वर्षांनीं तेथें कर्करोगहि उद्भवूं शकतो. यास्तव बरें वाटलें तरी तपासणी सोडूं नये. निराशेनें विष घेतलेल्या माणसास मात्र बोल लावूं नये. त्याच्या मनावरहि उपचार व्हावयास हवेत.

शेवटीं एकच विनंती: पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत ॲसिड कधींहि भरून ठेवूं नका. एवढ्या सावधपणानेंहि एखादा जीव वांचेल.