मऊ रत्नें आणि वाघोलीचा निळा स्फटिक

रत्न म्हटलें कीं प्रथम कठीणपणा आठवतो. हिऱ्याची सारी ख्याति ह्या एका गुणावर उभी आहे असें आपण समजतों. परंतु आपल्या नवरत्नांत मोती आणि पोवळें ह्या दोघांनाही मानाचें स्थान आहे, आणि हीं दोन्हीं साध्या चाकूच्या टोंकानें ओरखडतात! तेव्हां कठीण तेंच रत्न, ही समजूत आजीच्या नथीनें केव्हांच खोटी ठरविली आहे. अशा मऊ रत्नांना घाट कसा देतात, हें श्रोत्यांना आज सांगावयाचें आहे. आणि त्यासाठीं उदाहरण घ्यावयाचें तें पुण्याच्या दाराशीं असलेल्या वाघोलीचें.

नगर रस्त्यावरची वाघोली पुणेकरांना ठाऊक असते ती वाघेश्वराच्या देवळामुळें, पिलाजी जाधवरावांच्या नांवामुळें, आणि अलीकडे उंच इमारतींमुळें. २०२१ सालीं हें गांव पुणे महानगरपालिकेंत समाविष्ट झालें. परदेशांतील खनिजसंग्राहक मात्र वाघोलीचें नांव निराळ्याच कारणासाठीं घेतात. येथील खडीच्या खाणींतून कॅव्हन्साइट नांवाचें गडद निळें खनिज बाहेर आलें. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन ह्या तीन मूलद्रव्यांच्या नांवांचे तुकडे जोडून हें नांव बनविलेलें आहे. तें प्रथम सांपडलें अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत, १९६७ सालीं. परंतु जगभरच्या संग्रहांत जे देखणे नमुने दिसतात, ते बहुतेक वाघोलीचे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पसरलेल्या लाव्ह्याचा आपला हा काळा दगड; त्यांत ठिकठिकाणीं पोकळ्या राहिल्या, त्यांतून पुढें खनिजयुक्त ऊन पाणी झिरपलें, आणि पांढुरक्या स्टिल्बाइटच्या गादीवर निळ्या सुयांचे गेंद फुलले. सुरुंगानें दगड फोडणाऱ्या मजुराची नजर त्या निळ्या ठिपक्यावर पडली तर तो वांचला. नाहीं तर त्याची खडी होऊन तो कुठल्याशा रस्त्याखालीं गेला.

आतां मऊपणा म्हणजे काय तें पाहूं. १८१२ सालीं फ्रीड्रिख मोस ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें दहा पायऱ्यांचें एक माप ठरविलें. तळाशीं शंखजिरें, सातव्या पायरीवर गारगोटी, नवव्या पायरीवर कुरुंद, आणि शिखरावर हिरा. वरच्यानें खालच्याला ओरखडावें, एवढाच त्याचा नियम. बोटाचें नख अडीचाच्या आसपास येतें, चाकूचें पातें साडेपांचाच्या. कॅव्हन्साइट तीन ते चार ह्यांच्या दरम्यान, म्हणजे पोवळ्याच्याच पंक्तीला बसतें. ह्यांत गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, घरांतल्या धुळींत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. म्हणून सातव्या पायरीच्या खालचा कोणताही खडा पदराच्या कोरड्या टोंकानें पुसला, तर तो पुसला जात नाहीं, घासला जातो. अंगठींतला मऊ खडा वर्षा-दोन वर्षांत आंधळा होतो तो ह्याचमुळें.

मऊ खडा कापणें सोपें असेल असें वाटतें. पण कारागिराला विचारा! गारगोटी साणेचा जुलूम सोसते. मऊ खडा रुसतो. पैलू पाडण्यापूर्वीं खडा तापविलेल्या लाखेनें काडीच्या टोंकाशीं चिकटविण्याची जुनी रीत आहे. माणिक-पुष्कराजांना ती साधते. परंतु कॅव्हन्साइट काय किंवा पुणेरी दगडांतला ॲपोफिलाइट काय, ह्यांच्या घडणींतच पाणी आहे. फार उष्णता लागली कीं तें पाणी सुटूं लागतें आणि खडा चिरफळतो. ॲपोफिलाइट हें नांवच मुळीं तापविल्यावर पापुद्रे सुटण्याच्या खोडीवरून ग्रीक शब्द घेऊन ठेवलेलें आहे. म्हणून अशा खड्याला लाख न लावतां, थंडपणींच घट्ट होणारा डिंकासारखा चिकट पदार्थ वापरतात. साण सावकाश फिरवावयाची, पाणी अखंड सोडावयाचें. पाण्याचा दुसराही उपयोग आहे. दगडाची कोरडी धूळ श्वासावाटे फुफ्फुसांत जाणें हें ह्या धंद्याचें जुनें दुखणें आहे, आणि पाणी तिला खालीं बसवितें.

भरड भुकटीनें आरंभ करूं नये, हा दुसरा दंडक. भरड कण मऊ खड्याला झिजवीत नाहींत, उपटतात. एकदां पडलेला खळगा काढण्यासाठीं पुढें निम्मा खडा झिजवावा लागतो. प्रथमपासून बारीक भुकटी, मग त्याहून बारीक, आणि शेवटीं चामड्यावर किंवा नमद्यावर ॲल्युमिनाच्या पिठानें जिल्हई, असा क्रम ठेवतात.

परंतु खरी कसोटी लागते ती ॲपोफिलाइटला पैलू पाडतांना. पाषाणच्या टेकडीवरचे ह्या खनिजाचे हिरवे स्फटिक प्रसिद्ध आहेत. त्यांचा हिरवेपणाही व्हॅनेडियमचाच. हा स्फटिक एका ठराविक दिशेनें पत्त्यांच्या जोडासारखा सुटतो. नवशिका कारागीर वरचा मोठा पैलू बरोबर त्याच पातळीत धरतो, आणि जिल्हई देतांना थर उचकटत राहतात. चकाकी कांहीं केल्या येत नाहीं. जाणता कारागीर तो पैलू पांच-दहा अंशांनीं तिरपा धरतो. एवढ्याशा तिरकेपणावर सारें काम तरतें.

कॅव्हन्साइटची गोष्ट ह्याहून वेगळी आहे. त्याचा एकसंध, पारदर्शक आणि कापण्याजोगा स्फटिक जवळजवळ मिळत नाहीं. मिळतो तो सुयांचा गेंद. गेंदाला राळेसारख्या द्रव्यानें आंतून घट्ट करून, आधाराच्या दगडासकट घुमटाकार घाट देतां येतो, आणि असे खडे होतातही. पण माझें मत विचाराल तर तसें करूं नये. सुयांच्या टोंकांवर जो प्रकाश खेळतो तोच ह्या खनिजाचा जीव. तीं टोंकें झिजवून हातीं उरते ती एक निळी गोळी, आणि निळ्या गोळ्या बाजारांत कांचेच्याही मिळतात. आतां वाघोलीच्या खाणींच्या कडेपर्यंत घरें आलीं आहेत, तेव्हां जो गेंद अखंड हातीं आला तो अखंडच राखावा. लोलकांत घालण्याची हौस असेल तर गेंद तसाच ठेवून वर बिलोरी स्फटिकाची पातळ चकती बसवावी. ती गारगोटीच्याच जातीची, म्हणून धुळीला दाद देत नाहीं.

कोंदणाच्या बाबतींत आपली जुनी विद्या येथें उपयोगी पडते. कुंदनकामांत शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याभोंवतीं नुसत्या दाबून बसवितात. खड्याजवळ विस्तव न्यावा लागत नाहीं. अर्थात् दाब बेताचाच हवा. मऊ खडा अंगठींत किंवा बांगडींत घालूं नये. कानांत किंवा गळ्यांत तो सुखानें नांदतो. दागिना डागण्यासाठीं सोनाराकडे द्यावयाचा झाल्यास खडा आधीं काढून घेण्यास बजावून सांगावें, कारण फुंकणीची ज्योत मोत्यालाही सोसत नाहीं. लिंबू आणि चिंच मोत्या-पोवळ्यांपासून दूर ठेवावीं, कारण त्यांच्यांतला चुना आंबटानें विरतो. धुवावयाचे असल्यास हे खडे कोमट पाण्यांत, मऊ कुंचल्यानें हलकेच; आणि ठेवावयाचे ते हिऱ्याच्या कुड्यांबरोबर एका डबींत नव्हे, तर वेगळ्या मलमलीच्या पुरचुंडींत.