मान टाकलेलं अंजीर

सुकं अंजीर आपल्याला दिवाळीत ऑफिसच्या ड्रायफ्रूट बॉक्समधून भेटतं. चपटी, चिवट चकती, एचआरकडून सप्रेम! ताजं अंजीर भेटतं मॉलमधल्या पारदर्शक डब्यात. आपण हौसेनं डबा घेतो, एक चावून बघतो आणि म्हणतो, ‘ठीक आहे यार, त्यात काय एवढं?’

दोष अंजिराचा नाही, बॉस. आंबा, केळं, चिकू तोडल्यावरही छान पिकतात. अंजीर तसं नाही. झाडावरून उतरलं की ते मऊ पडतं, पण आणखी गोड होत नाही. पूर्ण पिकू द्यावं, तर साल इतकी नाजूक की दोन दिवसांत फळ आंबतं. म्हणून बाजारासाठी ते जरा आधीच तोडतात. खरं अंजीर खायचं, तर आपणच झाडाकडे जायचं.

माझं झाड सासवडला, आत्याच्या परसात. पुण्याहून दिवे घाट चढून तासाभरात पोचता येतं. (घाटात ट्रक आडवा आला नाही तर!) इथे अंजिराचे दोन बहार. हिवाळ्यात येतो तो खट्टा, उन्हाळ्यात येतो तो मीठा. मी कुठल्या बहाराला रजा टाकते, हे वेगळं सांगायला नको.

आत्याचा नियम एकच : ऊन चढायच्या आत झाडाखाली हजर. फळ दाबून बघायचं नाही, त्याची मान बघायची. कच्चं अंजीर फांदीवर ताठ असतं. पिकलं की मान टाकतं, जांभळट होतं, सालीवर बारीक चिरा पडतात आणि बुडाच्या छिद्राशी मधासारखा थेंब जमतो. मग ओढायचंही नाही, नुसतं अलगद उचलायचं. हातभर बाह्यांचा शर्ट मात्र हवाच. पानं खरखरीत आणि देठाचा पांढरा चीक चांगलाच खाजरा. फ्रीजची तर गरजच नाही. झाडाखाली उभ्या उभ्या फोडायचं आणि तोंडात टाकायचं. रात्रीचा गारवा अजून गरात असतो.

त्या गरातल्या गुलाबी दशा म्हणजे अंजिराची फुलं. अंजीर उंबराचंच भावंड, त्यामुळे फुलं फळाच्या पोटात लपलेली. ‘आत किडा असतो’ हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. आपल्या पुणे अंजिराला फळ धरायला तो किडा लागतच नाही. खा बिनधास्त.

२०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी याच तालुक्यात विमानतळाची घोषणाही झाली. जागा म्हणून निवडलेल्या सात गावांत पारगाव, खानवडी, वनपुरी ही फळबागांची गावं. गावांनी विरोध केला. लोहगावच्या विमानतळावर रांगेत मीही वैतागलेली असते, नवा विमानतळ मलाही हवासा वाटतो. पण मानांकन त्या मातीचं आणि हवेचं आहे. बागेचा मोबदला देता येईल, माती उचलून दुसरीकडे कशी नेणार? आत्याचं घर त्या सात गावांत नाही, तरी तिच्याकडे हा विषय निघाला की चहा गार होतो.

तुमच्या गच्चीवर पाच-सहा तास ऊन येतं का? मग छाटणीची पेन्सिलीएवढी काडी कुणाकडून तरी मागून आणा. बी पेरायला नको, काडीच मूळ धरते. मोठं पिंप घ्या, बुडाला भोकं पाडा, पाणी साचू देऊ नका. दोनेक वर्षांनी फळ दिसेल. तेव्हा जाळी लावायला विसरू नका. बुलबुल सोसायटीतही असतात, आणि ते आपल्याआधी उठतात.