‘स्टेन’ म्हणजे नुसता डाग नव्हे



पेटची तयारी करणाऱ्या एका मित्राने परवा विचारलं, “प्रोटोकॉलमध्ये ‘स्टेन द स्लाइड’ लिहिलंय. म्हणजे स्लाइडला डाग पाडायचा का?” प्रश्न ऐकून हसू येईल, पण चूक त्याची नाही. शब्दकोशात स्टेन म्हणजे डाग, कलंक, बट्टा असंच दिलेलं असतं. प्रयोगशाळेत मात्र हाच शब्द जवळजवळ उलट अर्थाने येतो. म्हणून आज हा एकच शब्द नीट समजून घेऊ.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात उदाहरण शोधायला लांब जायला नको. वसमतकडे हळद शिजवायचे दिवस आले की माणसांचे हात, कपडे, पोती, सगळं पिवळं होतं. हळदीतलं कुरक्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून रश्शाचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही. त्याला साबण लावला की तो लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. लिंबू पिळलं की परत पिवळा! आईच्या दृष्टीने तो डाग असतो. पण हळदीत बुडवून वाळवलेला कागद शाळेत दर्शक म्हणून वापरतो, तेव्हा तोच रंग आपल्याला माहिती देतो. पदार्थ एकच, बदलला तो आपला हेतू.

शब्दाचं मूळही हेच सांगतं. स्टेनच्या मागे लॅटिनमधला ‘टिंगेरे’ हा धातू आहे. त्याचा अर्थ रंगवणं, रंगात भिजवणं. जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनमधलं ‘टिंक्चर’ही त्याच धातूपासून आलं. म्हणून इंग्रजीत दोन्ही अर्थ सोबत नांदतात. ‘स्टेनलेस स्टील’मध्ये स्टेन म्हणजे नको असलेला डाग, तर ‘स्टेन्ड ग्लास’मध्ये मुद्दाम दिलेला रंग.

संशोधनात स्टेन हा शब्द दोन प्रकारे येतो. नाम म्हणून तो रंग देणारं द्रावण, म्हणजे रंजक. क्रियापद म्हणून पेशी किंवा ऊती रंगवणं. बहुतेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास पारदर्शक दिसतात, म्हणून त्यांना रंग द्यावा लागतो. पण सगळंच सारखं रंगलं तर काहीच कळणार नाही. रंग कुठे धरला आणि कुठून निघून गेला, या फरकातच खरी माहिती असते.

हान्स क्रिश्चन ग्राम यांनी 1884 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत बघा. आज आपण ती अशी करतो: आधी क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं, शेवटी सॅफ्रॅनिन. ज्या जीवाणूंची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते, ते जांभळा रंग धरून ठेवतात. त्यांना ग्राम पॉझिटिव्ह म्हणतात. पातळ भिंतवाल्यांचा जांभळा रंग निघून जातो आणि सॅफ्रॅनिनमुळे ते गुलाबी-लाल दिसतात. ते ग्राम निगेटिव्ह.

आता यात सगळ्यात नाजूक पायरी कोणती? रंगवण्याची नाही, धुण्याची! अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं तर पॉझिटिव्ह जीवाणूही लाल दिसू शकतात. कमी वेळ ठेवलं तर निगेटिव्ह जांभळेच राहतात. स्लाइड दोन्ही वेळा सुंदरच दिसते, निष्कर्ष मात्र चुकतो. म्हणून सोबत ओळखीचे जीवाणू कंट्रोल म्हणून ठेवायचे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस जांभळा आणि ई. कोलाय लाल दिसला, तरच आपल्या अनोळखी नमुन्याच्या रंगावर विश्वास ठेवायचा.

आणखी एक गंमत. रंजक जुनं झालं, गाळून घेतलं नाही, तर त्याचे बारीक कण स्लाइडवर बसतात आणि गोल जीवाणूंसारखे दिसतात. म्हणजे स्टेननेच पाडलेला डाग! नवखा माणूस ते कण मोजून मोकळा होतो.

लिहिताना पुढच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

1. ‘डाय’ म्हणजे रंग देणारं रसायन. ‘स्टेन’ म्हणजे नमुना रंगवायला त्यापासून तयार केलेलं द्रावण. बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात, प्रबंधात शक्यतो फरक पाळा.

2. ‘स्मिअर’ म्हणजे काचेवर पसरलेला नमुन्याचा पातळ थर. आधी स्मिअर, मग स्टेन. मराठीत “पेशींवर डाग पडले” असं लिहू नका, “पेशी रंगवल्या” किंवा “पेशींनी रंग धरला” असं लिहा.

3. ‘स्टेन’ आणि ‘स्ट्रेन’ यांत एकाच अक्षराचा फरक आहे. स्ट्रेन म्हणजे एकाच प्रजातीतला विशिष्ट वाण. मी माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात तीन ठिकाणी ‘बॅक्टेरियल स्टेन’ लिहिलं होतं. दोन्ही शब्द इंग्रजीत बरोबर असल्यामुळे कॉम्प्युटरने एकाही ठिकाणी लाल रेघ मारली नाही. मार्गदर्शकांनी मात्र तिन्ही ठिकाणी मारली. एवढ्या एका अक्षराने वाक्याचा अर्थ “आम्ही जीवाणूंचा वाण वेगळा केला” वरून “आम्ही जीवाणूंचा रंग वेगळा केला” असा होतो. तेव्हा सबमिट करण्याआधी हा शब्द फाइलमध्ये शोधून एकेक जागा डोळ्यांनी तपासा.

तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, “स्टेन म्हणजे काय?” तर “डाग” म्हणून थांबू नका. सांगा, “पेशीतला फरक डोळ्यांना दिसावा म्हणून मुद्दाम दिलेला रंग.” पुढचा प्रश्न बहुतेक “मग धुवायचं कशाला?” असा येईल. त्याचं उत्तर आता तुमच्याकडे आहे.