प्लीहा नाही, आणि बाहेर साथ

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण देशाच्या ३-४ टक्के सरासरीपेक्षा जास्त आहे. त्यामुळे उल्हासनगरच्या कॅम्प १ ते ५ मध्ये हा आजार परका नाही.

थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. अनेकांची प्लीहा काढलेली असते. तिच्याविना काही जिवाणूंशी लढण्याची शरीराची ताकद कायमची घटते. वारंवार चढवलेल्या रक्तातून साठलेलं लोह हृदय, यकृत पोखरतं. ते उतरवणाऱ्या डेफेरिप्रोन या औषधामुळे क्वचित पांढऱ्या पेशीच कोसळतात.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत लोकल थांबली, रक्तदान शिबिरं थांबली. ज्यांचे उपचार मुंबईत चालू होते, त्यांना शहाड स्टेशन जवळ असूनही उपयोगाचं नव्हतं. घरात थांबा, हा सल्ला त्यांना पाळताच येत नव्हता.

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना कोविडची लस खुली झाली. यादीत थॅलेसेमिया मेजर होता; पण या आजाराचे बहुतेक रुग्ण त्या वयाचे नव्हतेच! अठरा वर्षांवरच्यांना १ मेपर्यंत थांबावं लागलं. त्यातच लसीनंतर २८ दिवस रक्तदान करू नये, असा नियम होता. मे महिन्यात तो १४ दिवसांवर आला.

प्लीहा काढलेल्याला ताप आला तर साथ असो वा नसो, घरी वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. न्यूमोकोकल, मेनिन्गोकोकल आणि हिब या लसींची नोंदही सोबत असावी.